मोत्याचा डूल घातलेली मुलगी : जुन्या चित्राची प्रतिकृती करत तैलरंगातलं व्यक्तिचित्र शिकणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी सकाळी माझ्या घरच्या खोलीत चार-पाच ईझल (कॅनव्हास टेकवायच्या घोड्या) लागतात. शिकायला येणाऱ्यांत कॉलेजची मुलं असतात, तशा बँकेतून निवृत्त झालेल्या काकूही असतात. तैलरंगाची तोंडओळख झाली की मी सगळ्यांना एकच काम देतो: सतराव्या शतकातला डच चित्रकार योहानेस व्हर्मीर याच्या 'मोत्याचा डूल घातलेली मुलगी' या चित्राची अभ्यासप्रत. ते करताना तेच ते प्रश्न दरवेळी निघतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली आहेत.

नक्कल करून चित्रकला येते का? त्यात माझं स्वतःचं काय?

येते. थोरामोठ्यांनी हेच केलं आहे. फ्लेमिश चित्रकार रुबेन्स १६२८-२९ मध्ये राजनैतिक कामगिरीवर माद्रिदला गेला, तेव्हा त्याची पन्नाशी उलटली होती आणि नाव युरोपभर झालं होतं. तरी तिथल्या राजवाड्यात तो आधीच्या शतकातल्या टिशियन या इटालियन चित्रकाराच्या चित्रांच्या प्रती करत बसला. अमेरिकन व्यक्तिचित्रकार सार्जंटने १८७९ मध्ये माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात स्पॅनिश चित्रकार वेलास्केझच्या प्रती केल्या आणि पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधल्या हार्लेमला जाऊन डच चित्रकार फ्रान्स हाल्सच्या. आपल्याकडे १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्येही जिवंत मॉडेलसमोर बसण्याआधी प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन करावं लागे. आधी जे हलत नाही ते नीट बघायला शिकायचं, हीच त्यामागची रीत.

तुमचं स्वतःचं काय, तर बघणं. समोर माणूस बसवला की तो हलतो, ऊन सरकतं, आणि मान कुठे संपली आणि सावली कुठे सुरू झाली हे ठरवेपर्यंत त्याला चहा हवा असतो. चित्रात हे निर्णय एका जाणत्या माणसाने आधीच घेऊन ठेवलेले असतात. ही कडा मऊ का ठेवली? इथे पांढरा का नाही लावला? प्रतिकृती करताना तुम्ही हे प्रश्न हाताने विचारत असता. नुसतं हुबेहूब दिसण्यासाठी करायची असेल, तर मात्र प्रिंट काढून भिंतीला लावा. ती जास्त हुबेहूब असेल.

मग हेच चित्र का?

कारण त्यात आहे ते थोडं, आणि जे आहे ते सगळं व्यक्तिचित्राला लागणारं. एक चेहरा, डावीकडून येणारा एकच प्रकाश, गडद पार्श्वभूमी. हात नाहीत, दागिन्यांची गर्दी नाही, खोलीचा पसारा नाही. आकारही बेताचा, ४४.५ × ३९ सेंटिमीटर. साधारण १६६५ च्या सुमारास नेदरलँड्समधल्या डेल्फ्टमध्ये रंगवलेलं हे चित्र १८८१ मध्ये द हेगच्या एका लिलावात अवघ्या दोन गिल्डरना (तेव्हाचं डच नाणं) गेलं होतं. ज्यांनी घेतलं त्यांच्या मृत्युपत्राने १९०२ मध्ये ते तिथल्याच मॉरित्सहाउस संग्रहालयात आलं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. काटेकोरपणे बोलायचं तर हे व्यक्तिचित्र नव्हे. डच लोक याला 'ट्रोनी' म्हणत: ठरावीक माणसाचं चित्र नाही, एका चेहऱ्याचा, वेशाचा, भावाचा अभ्यास. ही मुलगी कोण, हे कुणालाच ठाऊक नाही. पण चेहरा घडवण्याची जी विद्या आपल्याला हवी आहे, ती यात पुरेपूर आहे.

माझ्या दृष्टीने मोठं कारण वेगळंच आहे. २०१८ मध्ये मॉरित्सहाउसने या चित्राची बारकाईने तांत्रिक तपासणी केली. त्यामुळे कुठला थर आधी आणि कुठला नंतर, कुठला रंग कशाचा, हे आज माहीत आहे. इतकं उलगडलेलं चित्र नवशिक्याला दुसरं क्वचितच मिळेल.

मोनालिसा करू का? की रविवर्मा? चित्रकार हळदणकरांची दिवा घेतलेली बाई?

मोनालिसा पहिल्यांदा नको. त्यातल्या छटा धुरासारख्या एकमेकींत विरलेल्या आहेत आणि वर पिवळं पडलेलं व्हार्निश आहे. नवशिक्या हाताला धरायला काही सापडत नाही.

रविवर्मा जरूर करा, पण दुसरं म्हणून. जरीकाठ आणि दागिने रंगवण्यात जीव इतका रमतो की चेहरा मागे पडतो.

हळदणकरांचं ते चित्र मुळात जलरंगातलं आहे. पांढरा कागद राखून उजेड मिळवण्याची ती पद्धत आणि तैलरंगाची पद्धत एकमेकींच्या उलट. शिवाय हळदणकर १९६८ मध्ये गेले. आपल्या कायद्यात चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो, त्यामुळे २०२८ संपेपर्यंत तो प्रश्नही आहेच. व्हर्मीर १६७५ मध्ये गेला, रविवर्मा १९०६ मध्ये. तिथे काही अडचण नाही.

प्रतिमा कुठून घ्यायची? मोबाइलवर बघून केलं तर?

संग्रहालयाच्या संकेतस्थळावर मोठी प्रतिमा फुकट उतरवून घेता येते. तीच घ्या. इकडून तिकडून फिरत आलेल्या प्रतिमांत कातडी कधी केशरी होते, कधी गुलाबी. मी स्वतः पहिली प्रत एका रस्त्यावरच्या पोस्टरवरून केली होती. त्यात सावल्या इतक्या काळ्या छापल्या होत्या की हनुवटीखालचा परत फिरलेला उजेड मला दिसलाच नाही, आणि मानेचा गोलवा मी कधी रंगवलाच नाही.

मॅट कागदावर चांगली प्रिंट काढा आणि ती कॅनव्हासच्या शेजारी, त्याच उजेडात ठेवा. मोबाइल तपशील मोठा करून बघण्यापुरता. पडदा स्वतः प्रकाश टाकतो, रंग टाकत नाही. त्याच्याशी बरोबरी करायला गेलात की पांढरा कमीच पडत राहतो.

सामान काय लागेल?

नळ्या आठ: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, कॅडमियम रेड लाइट, ॲलिझरिन क्रिमझन, बर्न्ट सिएना, रॉ अंबर, अल्ट्रामरीन आणि आयव्हरी ब्लॅक. देशी कंपनीचे आर्टिस्ट दर्जाचे रंग पुरतात. पांढऱ्याची नळी मोठी घ्या, बाकी लहान चालतील. तयार 'स्किन टिंट' (कातडीच्या रंगाची नळी) घेऊ नका, अगदी कुणी भेट दिली तरी.

खरखरीत केसांचे चपटे ब्रश ४, ६ आणि १० नंबरचे, मऊ केसांचा एक गोल ब्रश १ नंबरचा, एक कोरडा मऊ ब्रश कडा विरवायला. जवसाचं शुद्ध केलेलं तेल, टर्पेंटाइन, पॅलेट, पॅलेट नाइफ, जुन्या सुती धोतराच्या किंवा पंचाच्या चिंध्या. सिंथेटिक कापड रंग टिपत नाही, नुसता पसरवतं.

व्हर्मीरने शिशाचा पांढरा वापरला होता. तो विषारी आहे, घरात आणू नका. त्याचा निळा अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडाचा होता आणि सोन्याच्या तोडीचा महाग. तोच निळा १८२८ पासून कारखान्यात बनवता येऊ लागला, म्हणून आज तो आपल्या नळीत आहे.

कॅनव्हास कुठल्या मापाचा?

बाजारात मिळणारा १६ × २० इंची घ्या. रुंदी पूर्ण १६ इंच धरली तर प्रमाणात उंची सव्वाअठरा इंच येते. उरलेले पावणेदोन इंच पेन्सिलीने आखून सोडून द्या, तिथे रंग तपासून बघता येतात. चेहरा जवळजवळ मूळ मापाचा येतो, ही मोठी सोय आहे. लहान कॅनव्हासवर डोळा वाटाण्याएवढा होतो आणि मग माणूस ब्रशने चित्र काढायचं सोडून लिहायला लागतो.

चौकटी आखून उतरवू की नुसत्या नजरेने?

यावर वाद आहेत. माझं मत: रंग शिकायचा असेल तर चौकटी आखा. रेखाटन चुकलं की पुढचे दोन महिने तुम्ही रंगाने रेखाटन दुरुस्त करत बसता. मात्र आखलेल्या रेषा उतरवून झाल्या की चित्र आरशात बघा. मूळ प्रिंटही आरशात बघा. डोळ्यांची पातळी हलली असेल तर तिथे लगेच दिसते.

पहिला थर कसा द्यायचा?

रॉ अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करा आणि फक्त उजेड-अंधार मांडा. पांढरा रंग नाही, उजेडाच्या जागी चिंधीने पुसून कॅनव्हास मोकळा करायचा. व्हर्मीरनेही खाली तपकिरी आणि काळ्या छटांनी सगळं बसवून घेतलं होतं. दहा फुटांवरून तपकिरी चित्रातही ती मुलगी वळून बघताना दिसली पाहिजे. दिसत नसेल तर पुढे जाऊ नका. निवृत्त काकूंनी हा थर चार वेळा पुसून पाचव्यांदा केला. त्यांची प्रत आजवरच्या सगळ्यांत उत्तम झाली.

नंतर कुठून सुरुवात? डोळ्यांपासून?

सगळ्यांना डोळ्यांपासून करायचं असतं, पण नको. तपासणीत व्हर्मीरचा क्रम मिळाला आहे: आधी पार्श्वभूमी, मग चेहऱ्याची कातडी, मग पिवळं जाकीट, पांढरी कॉलर, डोक्याचा फेटा आणि सगळ्यांत शेवटी मोती. मागून पुढे. त्यामुळे पुढच्या वस्तूची कडा आपोआप मागच्या रंगावर चढते आणि ती वस्तू खरंच पुढे असल्यासारखी वाटते. हाच क्रम ठेवा.

कातडीचा रंग कसा बनवू?

एक रंग बनवायचाच नाही. पाच ढीग करा, उजेडापासून सावलीपर्यंत. सर्वांत उजळ ढीग पांढऱ्यात थोडा ऑकर आणि लालाचा नखभर अंश घालून. गाल-ओठांकडे जाताना लाल वाढतो. सावलीत बर्न्ट सिएना आणि रॉ अंबर, त्यात निळ्याचा स्पर्श. गोम आहे ती मधल्या छटेत, उजेड वळून सावलीत जातो तिथे. तिथे पांढरा, ऑकर आणि किंचित काळा मिसळा. काळा आणि ऑकर मिळून हिरवट होतात. पॅलेटवर तो रंग आजारी दिसतो, पण गुलाबी गालाशेजारी ठेवला की जिवंत कातडी वाटते.

तपासायची एक युक्ती: राखाडी पुठ्ठ्याला पंचिंग मशीनने भोक पाडा आणि ते प्रिंटवर ठेवा. भोकातून फक्त तेवढाच रंग दिसेल. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर ठेवून बघा. तो पांढरा नसतो, कपाळाच्या उजेडापेक्षाही गडद करडा असतो. हे एकदा स्वतः पाहिल्याशिवाय कुणी मानत नाही.

माझं नाक चिकटवल्यासारखं दिसतं. का?

तुम्ही नाकाच्या दांडीला रेषा काढली आहे म्हणून.

या एका जागेसाठी मी हे चित्र शिकवतो. प्रिंट जवळ घ्या आणि नाकाची दांडी व तिच्यापलीकडचा गाल यांच्यामधली सीमा शोधा. नाही. दोन्हींवर सारखाच उजेड पडला आहे, म्हणून व्हर्मीरने दोन्ही एकाच छटेत सोडून दिले. रेष नाही, सावली नाही, रंगात बदल नाही. तरी तुम्हाला नाक दिसतं, कारण खाली नाकपुडी आहे, शेंड्यावर उजेड आहे, अलीकडच्या बाजूला सावली आहे. उरलेलं आपलं मन भरून काढतं.

मी शिकत होतो तेव्हा तीन बैठका ती कडा रंगवत राहिलो. नाकाला कडा असते हे मला माहीत होतं ना! गडद केली, फिकट केली, बारीक केली. चौथ्या दिवशी वैतागून कोरड्या ब्रशने आडवा हात मारला, ओला रंग गालात मिसळला, आणि नाक वर आलं. आजही विद्यार्थ्याच्या कॅनव्हासवर ती कडा विरताना बघितली की मला तितकंच बरं वाटतं. तुम्हीही रंग ओला असतानाच हे करा, वाळल्यावर ते जमत नाही.

ओठ ओले कसे दाखवायचे?

पांढऱ्याने नाही. आधी ओठांचा गडद आणि मधला रंग मऊ कडांनी बसवा. ओठांची बाहेरची रेघ काढू नका. मग खालच्या ओठावर फिकट गुलाबी ठिपका आणि तोंडाच्या कोपऱ्यापाशी एक अगदी बारीक. दोन ठिपके, पुन्हा ब्रश लावायचा नाही.

आणि मोती?

आधी त्याला मोती म्हणणं सोडा. अडकवायला आकडा नाही, पूर्ण गोल बाह्यरेषा नाही. मानेच्या अंधारात रंगाचे काही स्पर्श आहेत, एवढंच. वर डावीकडे दाट पांढऱ्याचा एक ठसठशीत फटकारा: हा खिडकीचा उजेड. खाली पसरट, मऊ, करडा उजेड: हे पांढऱ्या कॉलरचं प्रतिबिंब. या दोहोंच्या मध्ये मानेच्या सावलीचाच रंग जवळजवळ तसाच राहिला आहे.

माझी सूचना अशी. मानेची सावली पूर्ण वाळू द्या. पातळ करड्या रंगाने खालचं प्रतिबिंब लावा आणि वरची कडा बोटाने विरवा. मग बारीक ब्रशवर पांढरा भरपूर घ्या, श्वास सोडा आणि एकदाच टेकवा. तो उठून उभा राहिला पाहिजे, बोट फिरवलं तर लागला पाहिजे. मनासारखा नाही उमटला तर चिंधीच्या टोकाने पुसा आणि पुन्हा टेकवा, पण घोटू नका. घोटलेला मोती पिठाची गोळी होतो. सराव उरलेल्या पावणेदोन इंचांच्या पट्टीवर हवा तितका करा.

पार्श्वभूमी काळीच करायची ना?

आज काळी दिसते. मुळात तिथे हिरवा पडदा होता. गडद थरावर निळीचा आणि वेल्ड नावाच्या झाडापासून काढलेल्या पिवळ्याचा पारदर्शक थर होता. हे दोन्ही वनस्पतींचे रंग साडेतीनशे वर्षांत बिघडले आणि हिरवा हरपला. त्याच तपासणीत डोळ्यांना पापण्यांचे बारीक केस असल्याचंही कळलं. नुसत्या डोळ्यांनी ते दिसत नाहीत.

नळीतला काळा थेट फासला की भोक पडल्यासारखं दिसतं. रॉ अंबर आणि अल्ट्रामरीनने गडद थर द्या, तो वाळल्यावर तेलात पातळ केलेल्या निळ्या-पिवळ्याचा हिरवट थर चढवा. अंधाराला खोली येते आणि गालाची उजळ कडा उठून दिसते.

फेटा?

आधी पांढरा मिसळलेल्या निळ्याने घड्या, वाळल्यावर वरून शुद्ध अल्ट्रामरीनचा पातळ थर. पाठीवर रुळणाऱ्या पिवळ्या कापडावर ब्रशचे फटकारे दिसू द्या, ते व्हर्मीरनेही दिसू दिले आहेत.

थरावर थर देताना तडे जाणार नाहीत ना?

एक नियम पाळा: वरच्या थरात खालच्यापेक्षा तेल जास्त. पहिला थर टर्पेंटाइनचा, मधला नळीतून निघेल तसा, शेवटचे पातळ थर तेलाचे. उलट केलं तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा हलत राहतो आणि वरचा फाटतो.

पावसाळ्यात वाळतच नाही. काय करू?

तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो. कोंदट, ओल्या खोलीत त्याला वेळ लागतो. अंबर एक-दोन दिवसांत वाळतो. टायटॅनियम, काळा आणि ॲलिझरिन आठवडाही घेतात. मुंबई-कोकणात जुलैमध्ये काम करत असाल तर सावल्यांत अंबर वापरा, चित्र पंख्याच्या खोलीत ठेवा आणि भिंतीला पाठ चिकटवून उभं करू नका, मागून बुरशी धरते. कपाटात तर नकोच. तेलाला अंधार मानवत नाही, ते पिवळं पडतं.

एकूण दोन-अडीच तासांच्या आठ ते दहा बैठका धरा, म्हणजे वाळवण्यासकट दीड-दोन महिने.

घरात लहान मुलं आहेत. वास, धोका वगैरे?

हे मनावर घ्या. टर्पेंटाइन उघड्या खिडकीशीच वापरा, झाकण लावून ठेवा, उरलेलं मोरीत ओतू नका. गाळ खाली बसू द्या आणि वरचं निवळलेलं पुन्हा वापरा. ब्रश आधी चिंधीने पुसा, मग टर्पेंटाइन, शेवटी साबण.

आणि चिंध्या! जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला, तर वाळताना निर्माण होणारी उष्णता आत कोंडते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. ही भीती घालण्यासाठी सांगितलेली गोष्ट नाही. चिंध्या एकेक करून दोरीवर पसरून पूर्ण वाळवा किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा.

व्हार्निश कधी?

सहा महिन्यांनी, दाट रंग असेल तर वर्षाने. मोत्याचा पांढरा सगळ्यांत शेवटी पक्का होतो.

सही कुणाची करायची? विकता येईल?

सही तुमची, आणि मागच्या बाजूला स्पष्ट शब्दांत: 'योहानेस व्हर्मीर यांच्या चित्रावरून', खाली तुमचं नाव आणि साल. मूळ चित्रात वर डावीकडे त्याची सही आहे, ती उतरवू नका. प्रत म्हणून सांगून विकायला हरकत नाही. पॅरिसच्या लूव्हरमध्ये परवाना घेऊन प्रती करणारे चित्रकार आजही बसतात. त्यांची प्रत मूळ मापाहून लहान किंवा मोठी असावीच लागते, म्हणजे उद्या कुणी फसू नये.

मध्येच सगळं बिघडलं असं वाटतंय.

चौथ्या-पाचव्या बैठकीला सगळ्यांनाच वाटतं. कातडी झालेली असते, डोळे-ओठ कच्चे असतात, चेहरा मुखवट्यासारखा दिसतो. चित्र भिंतीकडे तोंड करून दोन दिवस ठेवा. मग उलटं करून बघा, डोकं खाली. चूक छटेची आहे की जागेची, ते कळेल. छटेची असेल तर वाळल्यावर दुरुस्त करता येते. जागेची असेल तर तेवढा भाग आजच खरवडा, उद्या तो जास्त जिवावर येईल.

खरी तैलचित्रं जवळ कुठे बघता येतील?

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात युरोपीय तैलचित्रांचं दालन आहे. सातारा जिल्ह्यात औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात रविवर्मा आहेत आणि जुन्या मुंबईच्या चित्रकारांची कामंही. बाजूने वाकून बघा, उजेड तिरपा पडला की रंगाची जाडी दिसते. उजेडाच्या जागी रंग दाट आणि सावलीत पातळ, हे प्रिंटमध्ये कधीच कळत नाही.

प्रत पूर्ण झाली. आता पुढे?

पॅलेट बदलू नका. त्याच आठ नळ्या, त्याच मापाचा कॅनव्हास. घरातल्या कुणाला तरी खिडकीपाशी बसवा, उजेड त्यांच्यावर तुमच्या डावीकडून पडेल असं. मागे गडद चादर टांगा. मान किंचित वळवून तुमच्याकडे बघायला सांगा, वीस मिनिटांनी पाच मिनिटं सुट्टी द्या. रॉ अंबरने उजेड-अंधार मांडा आणि नाकापाशी आलात की ब्रश लावण्याआधी नीट बघा, पलीकडची कडा खरंच दिसते आहे का.